सातबारा आहे, पण हद्द कोठे आहे?

आपल्या समाजाकडे जी थोडीफार जमीन आहे, त्यातील बरीचशी वतनाची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने रद्द झाली व कब्जेहक्काची रक्कम भरणाऱ्या वतनदारांना जमिनी नवीन अविभाज्य शर्तीवर परत मिळाल्या. नंतर वारस लागत गेले. आज एकेका गटावर तीस-चाळीस नावे दिसतात. प्रत्येकाला आपला आणेवारीचा हिस्सा तोंडपाठ असतो, पण तो कोठून कोठवर हे दाखवता येत नाही. तोवर शेजारच्याचा नांगर दरवर्षी वीतभर बांध कोरीत असतो!

सातबारा क्षेत्र सांगतो, जागा सांगत नाही. जागा सांगणारे कागद भूमि अभिलेख कार्यालयात असतात. टिपण, फाळणी, गट नकाशा ही त्यांची नावे विद्यार्थ्यांनीही लक्षात ठेवावीत. पूर्वी मोजणी ३३ फुटी शंकू साखळीने होई. साखळीचे सोळा आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, अर्थात १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर, आणि हेक्टर म्हणजे सुमारे २ एकर १९ गुंठे. साखळी व फळा जाऊन आता यंत्रे आली, तरी ताळा जुन्या नकाशाशीच घ्यावा लागतो.

हद्द कायम मोजणीचा अर्ज उपअधीक्षक, भूमि अभिलेख यांच्याकडे करावा. त्यासोबत ताजा सातबारा आणि चारही बाजूंच्या लगतधारकांची नावे द्यावीत. लगतधारकांना नोटीस जाते. मोजणीच्या दिवशी आपण स्वतः हजर राहावे, पोराला पाठवून मोकळे होऊ नये. भूकरमापक खुणा दाखवील तेथे लगेच दगड रोवावेत. नंतर नकाशाची 'क' प्रत मिळते. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणी मागता येते. मात्र मोजणीने मालकी ठरत नाही. अतिक्रमण उघड झाले तरी ताबा मिळवण्यासाठी बहुधा दिवाणी न्यायालयातच जावे लागते. अविभाज्य शर्तीच्या जमिनीची विक्री वा वाटणी करण्यापूर्वी शर्त व परवानगी तलाठ्याकडे आणि तहसील कचेरीत लेखी तपासावी. तोंडी 'चालतं हो' यावर पैसे देऊ नयेत.

घरासाठी किंवा विहारासाठी जागा घेताना 'क' प्रत हातात आल्याशिवाय इसार देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कर्जाच्या प्रकरणात कागद चोख आणि प्लॉट मात्र दुसऱ्याच्या हद्दीत, असे घडू शकते. रस्ता नकाशात आहे की केवळ वहिवाटीचा, हेही पाहावे. आखणी करताना गवंड्याच्या डोळ्यावर विसंबू नये. कोपऱ्यापासून दोरीने एका बाजूस ९ फूट, दुसऱ्या बाजूस १२ फूट घ्यावे; तिरकस अंतर बरोबर १५ फूट भरले तर कोपरा गुण्यात आहे. मग दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरेपर्यंत पाया खोदू नये. जोते किती उंच घ्यायचे हे पावसाळ्यात जागेवर जाऊन, पाणी कोठवर चढते ते पाहून ठरवावे. विहाराची 'क' प्रत कोणा एका पदाधिकाऱ्याच्या घरी न ठेवता मंडळाच्या दप्तरात नोंद करून ठेवावी आणि छायाप्रत सचिवांकडे द्यावी.