कुंडीतल्या मातीसाठी

चि. मृणाल हिस,

डोंबिवलीच्या गॅलरीतल्या कुंड्यांसाठी गांडूळपेटी ठेवावी का, असं विचारलं आहेस. ठेवावी, आणि त्याचं कारण कुंडीतच आहे. जमिनीतल्या झाडाखाली पाला पडतो, कुजतो, मातीत मिसळतो. कुंडीत हे चक्र तुटलेलं असतं. पाण्याबरोबर नत्र तळाच्या भोकातून निघून जातं, गळलेलं पान आपण केरात टाकतो आणि हळूहळू माती घट्ट बसते. युरियाने नत्र भरून निघेल, पण माती भुसभुशीत होणार नाही. गांडूळखताने दोन्ही साधतं. तेही मातीच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त घालू नकोस.

तुझ्या घरचे म्हणतील, ओला कचरा पालिकेची गाडी नेतेच की. नेते, पण तो कुठेतरी साठतोच. कल्याणच्या आधारवाडी डेपोवर वर्षानुवर्षं डोंगर साचला, त्याला वारंवार आगी लागल्या. कचऱ्याच्या याच प्रश्नावरून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना परवानगी देणंच थांबवलं होतं. ओल्या कचऱ्याच्या ढिगात हवा पोचत नाही, म्हणून मिथेन तयार होतो. तुझ्या पेटीत हवा खेळत असते, म्हणून त्याच कचऱ्याचं खत होतं. एका पेटीने शहर स्वच्छ होणार नाही, हे मला मान्य आहे. पण ओलं-सुकं वेगळं ठेवण्याची सवय जितकी पेटीमुळे अंगी लागते, तितकी पालिकेच्या फलकांनी लागत नाही.

वासाची भीती रास्त आहे, पण वास आला तर चूक आपली असते. गांडुळांना पचेल त्याहून जास्त घातलं किंवा पाणी साचलं, की पेटी आंबते. मग खाणं थांबवायचं, सुका पाला किंवा फाडलेलं वर्तमानपत्र मिसळायचं. मूठभर माल पिळल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, इतकीच ओल हवी. भाजीची देठं, केळीच्या साली, चहाचा चोथा चालतो. तेलकट-तिखट उरलंसुरलं, मासळी आणि लिंबाच्या साली नकोत. खरी अडचण उन्हाची आहे. पस्तीस अंशांवर गांडुळं तगणं कठीण, आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पश्चिमेची गॅलरी त्याहून तापते. तिथे पेटी ठेवणार असशील तर ठेवूच नकोस; ओट्याखाली जागा कर. बागेतली गांडुळं खणून आणू नकोस, ती खोल मातीत राहणारी असतात. कचऱ्यावर जगणारी ‘आयसेनिया फेटिडा’ ही जात रोपवाटिकेत किंवा गांडूळखत करणाऱ्यांकडे मागून घे, आणि पहिले पंधरा दिवस त्यांना मूठभरच खायला घाल.

तुझा,
मामा