गोडीतून औषध

पिकलेल्या द्राक्षात व मधाच्या थेंबात निसर्गाने घडविलेल्या दोन साध्या शर्करा असतात. एक फलशर्करा आणि दुसरी द्राक्षशर्करा. द्राक्षशर्करेलाच ग्लुकोज म्हणतात. थंडीत मध रवाळ होतो. ते रवे याच शर्करेचे असतात. प्रौढ माणसाच्या सर्व रक्तात ती जेमतेम चमचाभर असते. परंतु तेवढीही फार घटली, तर माणसाची शुद्ध हरपते.

माणसाप्रमाणे बुरशीलाही ही शर्करा प्रिय आहे. १९२८ मध्ये लंडन येथे अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीभोवतीचे रोगजंतू नाहीसे झालेले आढळले. त्या बुरशीपासून पुढे पेनिसिलिन हे औषध मिळाले. तोवर साध्या काट्याची जखम चिघळली, तरी कधी कधी प्राणावर बेतत असे. पेनिसिलिनने असे असंख्य प्राण वाचविले.

हे औषध भारतातच तयार व्हावे, म्हणून १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी त्यास साहाय्य केले. १९५५ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले.

पेनिसिलिन तयार करण्याची रीत मोठी मनोवेधक आहे. पोलादाच्या उंच टाकीत पाणी, शर्करा व इतर पोषक द्रव्ये घालतात. वाफेच्या उष्णतेने ती निर्जंतुक करतात आणि निवल्यावर त्यांत बुरशी सोडतात. आत शुद्ध हवा सतत खेळवावी लागते. एखादा परका जंतू शिरला, तर टाकीभर द्रव वाया जाण्याचे भय असते.

खरे कौशल्य आहे ते शर्करा देण्यात. भरपूर ग्लुकोज एकदम मिळाले, तर बुरशी झपाट्याने फोफावते; औषध मात्र थोडेच निर्माण करते. म्हणून आरंभीच्या काळात तिला दुधातील शर्करा देत. ती बुरशीला सावकाश पचते. पुढे ग्लुकोजच हळूहळू सोडण्याची रीत निघाली. असे बेताचे खाद्य मिळाले, की बुरशी औषध बनवू लागते. काही दिवसांनी बुरशी गाळून वेगळी करतात आणि उरलेल्या द्रवातून पेनिसिलिन काढतात.

फळांत व मधात जी शर्करा तोंड गोड करते, तीच बुरशीला मापाने दिली असता रोग्याला जीवदान देणारे औषध हाती येते.

शब्दार्थ : शर्करा – साखर. निर्जंतुक – जंतू नसलेले. मनोवेधक – मन वेधून घेणारे.

स्वाध्याय
१. मध रवाळ का होतो?
२. टाकीत परका जंतू शिरू नये म्हणून काय करतात?
३. बुरशीला ग्लुकोज एकदम का देत नाहीत?
४. 'प्राणावर बेतणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.