घरच्या इंटरनेटची कंपनी : निवडताना आणि बदलताना

पुणे-पौड रस्त्यावर पिरंगुटजवळ असलेले कासार आंबोली हे मुळशी तालुक्यातील गाव. कारखाने जवळ, शहरही फार दूर नाही. त्यामुळे येथे शेतकऱ्याबरोबरच नोकरदार, छोटे दुकानदार आणि घरून शिवणकाम किंवा हिशेबाचे काम करणाऱ्या भगिनी आढळतात. यांपैकी बहुतेकांचा धंदा आज इंटरनेटवर अवलंबून आहे. जीएसटीचे मासिक विवरणपत्र वीस तारखेपर्यंत भरायचे असते, उशीर झाल्यास दिवसाला दंड बसतो. अशा वेळी जोडणी बंद पडली तर त्याचा चटका खिशाला बसतो. म्हणून कंपनी निवडणे हा धंद्याचाच निर्णय समजावा.

आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले ते 15 ऑगस्ट 1995 पासून, तेही टेलिफोनच्या तारेवरून. 2004 च्या सरकारी धोरणात 256 किलोबिट वेग म्हणजे ब्रॉडबँड असे ठरले. जानेवारी 2023 मध्ये ही किमान मर्यादा 2 मेगाबिट झाली. पूर्वी एकच दुकान होते, आता अनेक आहेत. पण दुकाने वाढली की पारख करण्याची जबाबदारी गिऱ्हाइकावर येते.

निवड कशी करावी?

1) आधी खांब पाहा, मग जाहिरात. एखादी कंपनी पुण्यात सेवा देते म्हणून ती आपल्या आळीत देते असे नाही. आपल्या घरापर्यंत फायबरची तार येते का, ती कोण टाकणार, दुरुस्तीला माणूस कोठून येणार, हे विचारावे. शेजारच्या दोन-तीन घरी जाऊन पावसाळ्यातील अनुभव विचारावा. मुळशीचा पाऊस जोरदार असतो. फांदी पडून किंवा रस्त्याच्या खोदकामात तार तुटते. तार सर्वांचीच तुटते. प्रश्न ती किती दिवसांत जोडली जाते हा आहे.

तार पोहोचतच नसेल तर छतावर यंत्र बसवून बिनतारी जोडणी देणाऱ्या योजना आहेत. जिओची अशी सेवा सप्टेंबर 2023 मध्ये ज्या आठ शहरांत प्रथम सुरू झाली, त्यांत पुणे होते. मात्र आपल्या छतावर सिग्नल किती येतो हे प्रत्यक्ष पाहूनच पैसे द्यावेत.

2) वेगाचा अर्थ समजून घ्यावा. जाहिरातीतला वेग मेगाबिटमध्ये असतो, फाइलचे माप मेगाबाइटमध्ये. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणजे 40 मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त 5 मेगाबाइट उतरतात, 100 मेगाबाइटच्या फाइलला वीस सेकंद लागतात. फायबरची एकच मुख्य तार अनेक घरांत वाटलेली असते, म्हणून संध्याकाळी सर्वजण वापरू लागले की वेग घसरू शकतो. चाचणी रात्री नऊला घ्यावी, सकाळी सहाला नव्हे. फोटो किंवा व्हिडिओ पाठवण्याचे काम असेल तर वर चढवण्याचा वेगही विचारावा.

3) विजेचा विचार करावा. घरातील फायबरची पेटी आणि राउटर विजेवर चालतात. वीज गेली की मोबाइलचा टॉवर चालू असला तरी घरचे वायफाय बंद होते. या दोन पेट्यांपुरता छोटा यूपीएस घ्यावा. वाटपाच्या ठिकाणी बॅटरी आहे का, हे तार टाकणाऱ्याला विचारावे.

4) वर्षाचा हिशेब मांडावा. जाहिरातीतील दरावर बहुधा 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो. समजा पहिल्या योजनेत महिना 499 रुपये आणि जोडणीचे 1,500, तर दुसरीत महिना 599 आणि जोडणी फुकट. करासह पहिल्या वर्षी पहिली 8,835 रुपये 84 पैशांना पडते, दुसरी 8,481 रुपये 84 पैशांना. दुसरी 354 रुपयांनी स्वस्त. पण दोन वर्षे राहिल्यास पहिलीच 1,062 रुपयांनी स्वस्त ठरते. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने आणि स्वतःच्या घरात राहणाऱ्याने एकच योजना घेऊ नये, ती याचसाठी. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाने बिलावर आपला क्रमांक घालून घ्यावा. धंद्याच्या वापराच्या प्रमाणात कराची वजावट मिळू शकते.

बदल कसा करावा?

मोबाइलचा क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय जानेवारी 2011 पासून देशभर आहे. घरच्या ब्रॉडबँडला तशी सोय नाही. येथे जुनी जोडणी बंद करून नवी घ्यावी लागते. म्हणून क्रम चुकवू नये.

प्रथम जुन्या योजनेची मुदत कधी संपते ते पाहावे. आगाऊ भरलेल्या पैशांचे काय होणार, हे विचारून घ्यावे. त्यानंतर नवी जोडणी घ्यावी आणि आठवडाभर दोन्ही चालू ठेवावी. नवी व्यवस्थित चालते अशी खात्री पटल्यावरच जुनी बंद करण्याचा अर्ज लेखी किंवा ॲपवरून द्यावा व अर्जाचा क्रमांक जपून ठेवावा. जुन्या कंपनीची पेटी परत करताना पावती घ्यावी, अनामत त्याच पावतीवर मागता येते. बँकेतून आपोआप कापले जाणारे पैसे बंद करण्यास विसरू नये. जुन्या जोडणीबरोबर टेलिफोन असेल तर तो क्रमांक जाऊ शकतो. तो बँकेत किंवा दुकानाच्या पाटीवर असल्यास आधी बदलून घ्यावा.

तक्रार असल्यास

नुसते तार जोडणाऱ्या मुलाला फोन करून भागत नाही. कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून क्रमांक घ्यावा. दाद न मिळाल्यास कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे विनाशुल्क अपील करता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये दिला आहे. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास तेथे फी लागत नाही.

बिले, पावत्या आणि तक्रारींचे क्रमांक एका वहीत तारीखवार लिहून ठेवावेत. ज्याच्याकडे कागद असतो त्याचेच म्हणणे ऐकले जाते, हा व्यापारातील जुना नियम येथेही लागू पडतो.