पणजोबा बसऱ्याला डॉक्टर होते, पण कोणत्या खात्यात?

प्रश्न : पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला लष्करी डॉक्टर होते, एवढेच घरात ठाऊक आहे. त्यांच्या नोकरीचा माग कसा काढावा?

उत्तर : घरात त्यांचे युद्धपदक असेल तर त्याची कडा भिंगाखाली धरावी. हुद्दा, नाव, खाते बहुधा तिथेच कोरलेले सापडते.

‘कॅप्टन, आय.एम.एस.’ निघाले तर नशीबच! क्रॉफर्ड यांच्या १९३० च्या सूचीत इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांचे शिक्षण, बढत्या, मोहिमा थोडक्यात मिळतात. नेमणुकांसाठी लंडन गॅझेट चाळावे.

‘सब-असिस्टंट सर्जन’ असेल तर ही सूची कामाची नाही. ते खातेच निराळे, इंडियन मेडिकल डिपार्टमेंट. त्यातले डॉक्टर कागदोपत्री जमादार, सुभेदार म्हणून दिसतात आणि वारस नेमके तेच पान उलटून पुढे जातात.