घरगुती सुतारकामासाठी स्वस्त टेबल-करवत : पारख आणि पूर्वतयारी

गेल्या दिवाळीच्या सुटीत शाळेचा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. वडीगोद्रीच्या फाट्याजवळ घराच्या ओसरीतच तो खिडक्यांच्या चौकटी, शोकेस, देवळ्या, अभ्यासाची टेबले अशी कामे करतो. त्याचे वडीलही सुतार. उजव्या हाताची तर्जनी दुसऱ्या पेऱ्यापासून नसलेले. मोबाईलवर एका यंत्राचे छायाचित्र दाखवून त्याने विचारले, "सर, पंधरा-वीस हजारांत ही टेबल सॉ मिळते. घेऊ का?" कार्यानुभवाच्या तासाला याच मुलाला मी कधी काळी गुण्या लावून काटकोन पाहावयास शिकविले होते. त्यामुळे 'घे' किंवा 'घेऊ नको' असे एका शब्दाचे उत्तर देणे मला योग्य वाटले नाही. त्या दुपारी जे बोलणे झाले, तेच इतर माजी विद्यार्थ्यांना व पालकांना उपयोगी पडेल, म्हणून येथे सविस्तर मांडीत आहे.

प्रथम हे यंत्र म्हणजे काय ते पाहू. हातकरवतीत लाकूड स्थिर असते व पाते फिरते. टेबल-करवतीत पाते जागच्या जागी फिरते आणि लाकूड त्याच्याकडे ढकलावे लागते. सपाट टेबलाच्या फटीतून गोल पाते वर आलेले असते. त्याला समांतर सरकणारी एक पट्टी असते, तिला फेन्स म्हणतात. तिला लाकूड टेकवून उभी चीर घेतात. आडव्या कापासाठी टेबलाच्या खाचेतून सरकणारे मायटर गेज असते. सुवाह्य, म्हणजे एका माणसाला उचलून नेता येईल अशा यंत्रांत बहुधा २५४ मि.मी. अर्थात दहा इंची पाते आणि १५०० ते १८०० वॅटची मोटर असते. पाते उभे असताना साधारण ७५ ते ८० मि.मी. जाडीचे लाकूड कापले जाते. घरगुती कामाला एवढे पुष्कळ झाले.

आता थोडे गणित. दहा इंची पात्याचा परीघ सुमारे ८० सें.मी. भरतो. ते मिनिटाला ४८०० फेरे घेत असेल, तर त्याच्या दात्याचा वेग सेकंदाला सुमारे ६४ मीटर, म्हणजे ताशी २३० किलोमीटर होतो. आपल्या गावाजवळून जाणाऱ्या सोलापूर–धुळे महामार्गावरील कोणत्याही वाहनापेक्षा हा वेग मोठा आहे. पात्याचे पुढचे दाते खाली टेबलात जातात, तर मागचे दाते टेबलातून वर येतात. लाकडाची चीर मागच्या बाजूला आवळली, किंवा लाकूड तिरके होऊन मागच्या दात्यांना भिडले, तर ते दाते लाकूड उचलून थेट चालविणाऱ्याच्या अंगावर फेकतात. यास किकबॅक म्हणतात. विचार करून हात मागे घेण्यास माणसाला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात हे सर्व घडून गेलेले असते. म्हणूनच पात्याच्या सरळ रेषेत कधीही उभे राहू नये. थोडे डावीकडे उभे राहावे.

जुन्या काळी मोठ्या आऱ्याने सागाचे ओंडके चिरणारे कारागीर चिरेत पाचर ठोकून ठेवीत, कारण आतला ताण सुटला की लाकूड मिटते व आरा अडकतो. टेबल-करवतीत पात्याच्या लगेच मागे एक पातळ पोलादी पट्टी असते, रिव्हिंग नाईफ. तिचे काम तेच पाचरीचे. ती पात्याच्या पत्र्यापेक्षा किंचित जाड आणि दात्यांनी पाडलेल्या चिरेपेक्षा किंचित पातळ असावी लागते, आणि पाते वर-खाली केले की तीही त्याच्याबरोबर वर-खाली व्हावी लागते. आपल्याकडची बाभूळ तर जड, पिळदार आणि ताण धरून ठेवणारी. तिला ही पट्टी नसलेल्या यंत्रावर चिरणे म्हणजे दैवावर हवाला ठेवणे होय. यंत्र पाहताना मी सर्वप्रथम ही पट्टी पाहतो. ती नसेल, तर पुढचे काही पाहत नाही.

येथे एका प्रचलित प्रकाराविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. तालुक्याच्या ठिकाणापासून वाडी-तांड्यापर्यंत बहुतेक कारागीर खरी टेबल सॉ घेतच नाहीत. दोन-तीन हजारांचे चार इंची मार्बल कटर प्लायवूडच्या फळीखाली उलटे आवळतात, फळीला फट पाडतात, कटरला लाकडाचे दातेरी पाते लावतात आणि त्यावरच वर्षानुवर्षे संसार चालवितात. या कल्पकतेला मी नावे ठेवणार नाही. गरिबीतून आलेली ती युक्ती आहे. परंतु मार्बल कटर मिनिटाला तेरा हजारांच्या आसपास फिरते. ११० मि.मी.च्या पात्याच्या दात्याचा वेग त्यामुळे सेकंदाला जवळजवळ ७५ मीटर होतो. पाते लहान म्हणून धोका लहान, असे मानणाऱ्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा. त्यावर रिव्हिंग नाईफ नाही, आच्छादन नाही, आणि बटण दाबलेल्या स्थितीत अडकवून ठेवलेले. ते यंत्र दगड-फरशीसाठी घडविलेले असून त्याला दातेरी पाते लावू नये, असे सोबतच्या माहितीपत्रकात बहुधा छापलेले असते. ते पत्रक वाचतो कोण!

माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांचे बोट अशाच फळीवर गेले. लाकूड कापता कापता वीज गेली. पाते थांबले, म्हणून ते अडकलेली फळी सोडवू लागले. बटण अडकवलेलेच होते, आणि वीज आली.

यावर उपाय अगदी साधा आहे आणि चांगल्या टेबल-करवतीत तो बटणातच असतो. वीज गेली की हे बटण आपोआप सुटते आणि वीज परत आली तरी हाताने दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. दुकानात ही परीक्षा दोन मिनिटांत होते. लाकूड न लावता यंत्र सुरू करावे, भिंतीवरचे बटण बंद करावे, पाते पूर्ण थांबू द्यावे व भिंतीवरचे बटण पुन्हा चालू करावे. यंत्र गप्प राहिले पाहिजे. ते सुरू झाले, तर दुकानदार कितीही सवलत देवो, उठून यावे. जेथे दिवसातून चार वेळा वीज ये-जा करते, अशा आपल्या भागात मोटरच्या वॅटपेक्षाही या एका गोष्टीला मी अधिक महत्त्व देतो.

यानंतर अचूकपणाची परीक्षा. प्लग काढूनच ती करावी. पात्याच्या एका दात्यावर खडूने खूण करावी. तो दाता पुढे आणून मायटरच्या खाचेपासूनचे अंतर मोजावे, मग पाते हाताने फिरवून तोच दाता मागे न्यावा आणि पुन्हा मोजावे. दोन्ही अंतरे जुळली पाहिजेत. अर्ध्या मि.मी.पेक्षा अधिक फरक असेल आणि तो दुरुस्त करण्याचे स्क्रू नसतील, तर ते यंत्र घेऊ नये. त्याच खाचेपासून फेन्सचेही अंतर पुढे व मागे मोजावे. फेन्स आवळून तिच्या दूरच्या टोकाला अंगठ्याने दाबून पाहावे. स्वस्त यंत्रांचे खरे दुखणे येथेच असते, कारण फेन्स पुढच्या बाजूला घट्ट बसते आणि मागे मात्र हलते. मागच्या टोकाला ती पात्याकडे झुकली, तर लाकूड पाते व पट्टी यांच्या सापटीत सापडून मागे फेकले जाते. तेथे केसभर सैल असलेली एक वेळ चालेल, आवळलेली मुळीच चालणार नाही. फेन्सच्या मोजपट्टीवरील आकड्यांवर विसंबू नये. फेन्सपासून दात्यापर्यंत टेपने मोजावे.

पाते उभे काटकोनात आहे की नाही, हे पाहण्यास गुण्या आहेच. पण त्याहून चोख युक्ती अशी : एक सरळ पट्टी मधोमध कापावी, एक तुकडा उलटा करावा व दोन्ही कापलेली तोंडे सपाट पृष्ठावर भिडवून उजेडाकडे धरावीत. फट दिसली, तर चूक तिच्या निम्मी आहे. ही युक्ती मुले फार आवडीने करतात, कारण तीत चूक दुप्पट होऊन स्वतःच समोर येते.

वर्तमानकाळातील जाहिराती वॅट मोठ्या अक्षरांत सांगतात. १८०० वॅटच्या यंत्राला २३० व्होल्टवर जवळजवळ ८ अँपिअर प्रवाह लागतो. म्हणजे घरातील ६ अँपिअरचे लहान सॉकेट त्यास पुरत नाही. १६ अँपिअरचे मोठे सॉकेट व अर्थिंग हवे. लांब एक्स्टेन्शन वायर घ्यावीच लागली, तर ती २.५ चौरस मि.मी.ची, तांब्याची असावी. बारीक वायरने व्होल्टेज पडते, मोटर गुरगुरते, तापते आणि दोष यंत्राच्या माथी जातो.

पात्याबाबत कंजूषपणा करू नये. यंत्रासोबत आलेले पाते बहुधा सामान्य प्रतीचे असते. उभ्या चिरेसाठी २४ दात्यांचे, प्लायवूड व सनमायकासाठी ६० दात्यांचे, आणि एकच घ्यावयाचे असेल तर ४० दात्यांचे कार्बाइड पाते घ्यावे. पात्याच्या मधल्या भोकाचे माप यंत्रागणिक बदलते. ते माप जालना किंवा छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात सहज मिळते का, हे आधी विचारावे. जुन्या वाड्याचा साग चिरताना प्रथम खिळे शोधावेत. एक लपलेला खिळा पात्याचे चार-सहा दाते घेऊन जातो, आणि ते दाते कोठे उडतील याचा नेम नसतो.

अमेरिकेत स्टीफन गॅस यांनी बोटाचा स्पर्श होताच सुमारे पाच सहस्रांश सेकंदात पाते थांबविणारी रचना शोधली व तशी यंत्रे बाजारात आणली. आपल्या आवाक्यातील यंत्रांत ही सोय नसते. म्हणून आपली सोय म्हणजे आपल्या सवयी : प्लायवूडची ढकलकाठी नेहमी हाताशी, हातमोजे नाहीत, गळ्यात गमछा नाही, पाते लाकडाच्या वर फार तर सेंटिमीटरभर, आणि फेन्स किंवा मायटर गेज यांचा आधार न घेता नुसत्या हाताने एकही काप नाही. कानात बोळे व नाकाला मास्क असावा. या यंत्रांचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो, आणि लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक पदार्थांत गणली आहे. ओसरीत यंत्र आणि आतल्या खोलीत तान्हे मूल, ही मांडणी बदलावी.

पालकांनी विचारले आहे की, हे सारे मुलांना शिकवावे काय? पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत विज्ञान शिकण्याचा त्यांचा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम पुढे महाराष्ट्रातील अनेक शाळांनी स्वीकारला. वर दिलेली सर्व मोजमापे नववीच्या मुलामुलींना प्लग काढलेल्या यंत्रावर करता येतील. यंत्र चालविणे मात्र शाळेत नको, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिला विद्यार्थ्याचा प्रश्न. मी त्याला त्याच्या वर्षभराच्या कामांची वही आणावयास सांगितले. त्यात बहुतांश काम आठ बाय चार फुटी प्लायवूडचे निघाले. एवढे मोठे तक्ते लहान टेबलावर पेलतच नाहीत, आणि बहुतेक स्वस्त यंत्रांची फेन्स तक्त्याच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे ६१ सें.मी.पर्यंतही पोचत नाही. अशा कामाला सव्वासात इंची हातातली सर्क्युलर सॉ आणि क्लॅम्पने आवळलेली सरळ पट्टी पुरेशी असते, आणि खर्च पुष्कळच कमी. टेबल-करवतीचा खरा उपयोग एकाच मापाच्या अनेक अरुंद पट्ट्या काढताना होतो. तशी कामे त्याच्या वहीत दोनच होती.

तरीही तो जालन्यास जाऊन तीन यंत्रे पाहून आला. एकाची फेन्स अंगठ्याने हलली, दुसरे वीज परत येताच आपोआप सुरू झाले, तिसरे सर्व परीक्षांत उतरले पण त्याच्या ऐपतीबाहेरचे होते. त्याने हातातली सर्क्युलर सॉ घेतली आणि उरलेल्या पैशांतून मोठे सॉकेट व अर्थिंग करून घेतले. ओसरीतील जुन्या फळीखालचे कटर त्याच्या वडिलांनी स्वतः सोडविले. खिडक्यांच्या पट्ट्यांचे मोठे काम मिळाले की तिसऱ्या यंत्राचा पुन्हा विचार करू, असे परवा त्याने फोनवर सांगितले; तोवर ते दुकानात शिल्लक राहील का, एवढीच त्याला काळजी आहे.