सिव्हिलचं कॉलेज झालं म्हणजे काय झालं?

प्रश्न : आमच्या रत्नागिरीच्या सिव्हिलला मेडिकल कॉलेज जोडलं. पण केसपेपरची रांग काही हलली नाही. मग बदललं काय? आणि शिकाऊ पोरांनी आमच्यावरच हात का बसवायचा?

उत्तर : रागाचं आधी बघू. एमबीबीएसचा विद्यार्थी स्वतःच्या मनाने औषध लिहीत नाही. तो विचारतो, तपासतो, वरिष्ठांना सांगतो. तीच हकिगत तुम्ही आधी विद्यार्थ्याला, मग निवासी डॉक्टरला, शेवटी प्राध्यापकांना सांगता, वैताग येणारच. पण 'परवा कातळावर गवत कापायला गेलो होतो' हे निदानाला लागणारं वाक्य पहिल्या दोन वेळा राहून जातं आणि तिसऱ्यांदा तोंडातून निघतं, हेही तितकंच खरं. आणि विद्यार्थ्याने तपासायला नको वाटलं तर सरळ नाही म्हणा. त्यापायी उपचार अडत नाहीत.

रुग्णाजवळ शिकण्याची ही पद्धत आपल्याकडे मुंबईतून आली. १८४५मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सर जमशेटजी जीजीभॉय (जे. जे.) रुग्णालय एकमेकांना लागूनच सुरू झाले. पहिले प्रमुख डॉ. चार्ल्स मोरहेड यांचा भर रुग्णाच्या खाटेपाशी शिकवण्यावर होता. १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग होते. त्यानंतर कोकणचा रुग्ण मुंबईकडेच बघत राहिला. आधी बोटीने, मग एसटीने, पुढे कोकण रेल्वेने. नाहीतर आंबा घाट चढून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाला किंवा मिरजेला. जिल्ह्यात डेरवणचं वालावलकर रुग्णालयाचं कॉलेज २०१५चं, ते खासगी. शेजारी ओरोसला सरकारी कॉलेज २०२१मध्ये आलं आणि रत्नागिरीचं, १०० जागांचं, २०२३मध्ये. म्हणजे जे. जे. नंतर १७८ वर्षांनी! शहरात मनोरुग्णालय मात्र एकोणिसाव्या शतकापासून आहे. काय आधी लागतं याचा सरकारी अंदाज असा मजेशीर असतो.

बदललं काय, याचं उत्तर नियमांत लपलंय. आताच्या निकषांप्रमाणे १०० जागांच्या कॉलेजला ४२० खाटांचं रुग्णालय लागतं, आणि त्यातल्या ८० टक्के खाटा भरलेल्या असाव्या लागतात. एरवी रिकामी खाट म्हणजे सुख, इथे ती कॉलेजची अडचण. शिवाय शिकवायचं तर विषयागणिक प्राध्यापक नेमावे लागतात, आणि तेच ओपीडीत बसतात. नुसत्या जिल्हा रुग्णालयाला एवढी माणसं कुठून मिळायची? अर्थात पदं मंजूर होणं वेगळं आणि ती भरणं वेगळं. मुंबई सोडून इथे राहायला यायचं म्हटलं की भल्याभल्यांना मुलांच्या शाळा आठवतात.

माझ्या मते खरा फायदा तिसराच. पुस्तकं मोठ्या शहरांत लिहिली जातात, विंचू मात्र आपल्या गडग्यात असतो. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः पोरं, दगावत. त्यांनी रात्र-रात्र रुग्णाजवळ बसून नाडी, घाम, रक्तदाब यांच्या नोंदी ठेवल्या. १९८२मध्ये त्यांची निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध या दंशावर लागू पडतं, हे त्यांनी दाखवून दिलं. हे सगळं त्यांनी जवळपास एकट्याच्या बळावर केलं, मागे कॉलेज नव्हतं. सर्पदंश, भातलावणीच्या दिवसांतला लेप्टोस्पायरोसिस यांच्या अशा नोंदी दरवर्षी नवी तुकडी घेत राहिली, तर त्यांचा उपयोग रत्नागिरीबाहेरही होईल.

२०२३ला आलेल्या पहिल्या मुलांना साडेचार वर्षांचं शिक्षण आणि वर्षाची इंटर्नशिप संपवून डॉक्टर व्हायला २०२८-२९ उजाडेल. तोवर त्यांच्यातलं कुणी 'आजोबा, कधीपासून दुखतंय?' असं तिसऱ्यांदा विचारायला आलं, तर कातळावरच्या गवताचं तेवढं सांगा.