घरच्या खाऱ्या पाण्यातील तारामासा : निवड आणि निगा

काचेच्या पेटीत मासे पाळण्याचा छंद आपल्या सोलापूरला नवा नाही. गप्पी किंवा गोल्डफिश अनेक घरांतून पाहावयास मिळतात. अलीकडे काही हौशी मंडळी खाऱ्या पाण्याच्या टाकीकडे वळली आहेत व त्यांना तारामाशाचा मोह पडतो. हा प्राणी संथ, मुका व निरुपद्रवी दिसतो. त्यामुळे तो सांभाळण्यास सोपा असावा, अशी समजूत होते. ती कितपत खरी आहे, हे येथे थोडक्यात पाहू.

तारामासा हा मुळी मासाच नव्हे. समुद्रकाकडी व सी-अर्चिन यांच्याप्रमाणे तो कंटकचर्मी संघातील प्राणी होय. त्याला मेंदू नाही, आपल्यासारखे रक्तही नाही. त्याच्या अंगातील नलिकांतून बहुतांशी समुद्राचेच पाणी खेळते व त्याच्या जोरावर खालच्या बाजूचे असंख्य नलिकापाद हलतात. मासा आपल्या शरीरातील क्षारांचे प्रमाण स्वतः सांभाळू शकतो. तारामाशाला ते साधत नाही. बाहेरच्या पाण्यात झालेला बदल त्याच्या शरीरात लगेच उतरतो. त्याच्या निगेचे सारे नियम या एका गोष्टीतून निघतात.

निवड : लिंकिया जातीचा निळा तारामासा सर्वांत देखणा, पण नवशिक्याने त्याच्या वाटेस जाऊ नये. खडकांवरील सूक्ष्म जीवांच्या थरावर तो जगतो. नव्या टाकीत असा थर नसतो आणि तो महिनोन्‌महिने हळूहळू उपाशी मरतो. वाळू उपसणारा अॅस्ट्रोपेक्टेनही वाळूतील बारीक जीव संपले की असाच झिजतो. प्रोटोरिअॅस्टर हा गाठीदार तारामासा त्यामानाने काटक. कोळंबीचा स्वच्छ धुतलेला लहानसा तुकडा त्याच्या बाहूखाली सरकवला की तो आपले जठर बाहेर काढून तो पचवतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा एवढे अन्न पुरते. मात्र प्रवाळ, शिंपले यांच्यासोबत त्याला ठेवू नये, कारण तो त्यांनाच खातो. विकत घेताना प्राणी उलटा करून पाहावा, पण पाण्यातच. हवेत उचलू नये. नलिकापाद हालत असावेत, अंग घट्ट असावे. पांढरे चट्टे, लिबलिबीत कातडी किंवा गळलेले बाहू दिसल्यास तो घेऊ नये.

पाणी : समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. स्वयंपाकाचे मीठ येथे चालत नाही. समुद्री क्षारांत त्याचे प्रमाण तीन-चतुर्थांशांहून थोडेसेच जास्त असते. उरलेल्या भागात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आदींचे क्षार असतात. म्हणून मत्स्यालयासाठी मिळणारे तयार समुद्री मीठच आर.ओ.च्या पाण्यात मिसळावे. ४०० लिटरच्या टाकीस सुमारे १४ किलो क्षार लागतात. समजा, उन्हाळ्यात त्यातील २० लिटर पाण्याची वाफ झाली. क्षार मात्र मागेच राहतात व त्यांचे प्रमाण लिटरला जवळजवळ ३७ ग्रॅमवर जाते. अशा वेळी खारे नव्हे, गोडे पाणी घालावे आणि तेही रोज थोडे थोडे.

टाकी तयार केल्याबरोबर प्राणी सोडू नये. घाणीतून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जिवाणू वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तारामाशासाठी टाकी निदान सहा महिने मुरलेली असणे बरे. आणलेला प्राणी एकदम टाकीत न टाकता त्याच्या पिशवीत टाकीचे पाणी बारीक नळीने थेंब थेंब सोडून दोन-तीन तास मुरवावे. माशांच्या रोगावरील तांबेयुक्त औषध या पाण्यात कधीही घालू नये. ते तारामाशाला विषच ठरते.

सोलापूरची अडचण : पाण्याचे तापमान २४ ते २६ अंश हवे. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. पाणी तापले की त्यातील विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि त्याच वेळी प्राण्याची त्याची गरज वाढते. आपली हवा कोरडी असल्याने टाकीवर पंखा लावल्यास पाणी दोन-तीन अंशांनी उतरते, पण वाफही जास्त होते. खरा उपाय पाणी थंड करणारे यंत्र. ते महाग, शिवाय वीज गेली की बंद. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असलाच पाहिजे.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली समुद्राच्या काठी उभे राहिले. आपण मात्र समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, पठारावर, हातांनी समुद्र तयार करू पाहतो. ते अशक्य नाही. परंतु खर्च, जागा व रोजची देखरेख यांची तयारी नसेल तर हा छंद प्राण्याच्या जिवावर बेततो. माशाची तडफड निदान दिसते. तारामासा ओरडत नाही, धडपडत नाही. तो फक्त आक्रसत जातो आणि आपल्याला वाटते की तो स्वस्थ बसला आहे.

ज्यांची अशी तयारी नसेल त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. शैक्षणिक सहलीत कोकणच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी जावे, खडकांतील डबकी न्याहाळावीत आणि तेथील जीव तेथेच राहू द्यावेत. मालवणचा किनारा तर १९८७ पासून सागरी अभयारण्यच आहे. वस्तू आपल्या मालकीची झाली म्हणजेच ती कळते असे नाही. पुष्कळदा ती जिथे आहे तिथे जाऊन पाहिल्यानेच अधिक कळते.